पॅरिशचा फिश फ्राय: आवरण मऊ का पडतं

अमेरिकेत ईस्टरआधीच्या उपवासकाळात (लेंट) शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, म्हणून पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण असतं; तोच फिश फ्राय. तिथे शे-दोनशे पानं वाढताना कॉड या समुद्री माशाचं तळलेलं आवरण मऊ पडून का सुटतं, असा प्रश्न एकाने विचारलाय. दोष बहुधा पिठाचा नसतो, पाण्याचा असतो. गोठवलेले तुकडे आदल्या रात्री फ्रिजमध्येच, ताटावर जाळी ठेवून तिच्यावर मांडा. पाणी खाली निथळतं. मग नीट टिपून घ्या, कोरडा मैदा भुरभुरा आणि मगच गार पिठात बुडवा. माणशी १५०-१७० ग्रॅम मासा पुरतो.

तेल १९० अंश सेल्सियस हवं. घाईत कढईभर तुकडे सोडले की तापमान झपकन उतरतं आणि मासा तेल पितो. रांग कितीही लांब असो, दोन घाण्यांमध्ये थर्मामीटर पुन्हा १९० दाखवेपर्यंत थांबाच.

तळलेला मासा ट्रेमध्ये रचून वर फॉइल घट्ट लावणं तर सगळ्यात वाईट, वाफ कोंडून सगळं ओलं होतं. जाळीवर एकेरी थरात, ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, तेही वीसेक मिनिटंच.

जोडीला बीन्स असतील तर डब्यावरचे घटक वाचा. कित्येक तयार बीन्समध्ये डुकराचं मांस असतं, आणि मांस वर्ज्य म्हणून तर हा खटाटोप! कोलस्लॉला (कोबीच्या कोशिंबिरीला) मीठ अगदी पानात वाढायच्या वेळीच लावा, आधी लावलं तर कोबीला पाणी सुटतं.