एसजीपीटी तिप्पट, अल्ब्युमिन नॉर्मल: मग लिव्हरचं काम ठीक म्हणायचं का?

शंकासुर: लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये एसजीपीटी हे एन्झाइम तिप्पट आणि अल्ब्युमिन, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) अगदी नॉर्मल, असं कसं होतं? एन्झाइम वाढलं म्हणजे काम बिघडलं असंच ना?

पेशीवाचक: नाही. टेस्टचं नावच फसवं आहे. एसजीपीटी यकृताच्या पेशीच्या आत असतं, पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. आकडा पेशींना झालेल्या इजेचा, कामाचा नव्हे. काम बघायचं तर यकृत जे बनवतं ते बघा: अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी प्रथिनं. या प्रथिनांचा अंदाज पीटीवरून येतो. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे २० दिवस, गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी फॅक्टर ७चं जेमतेम ६ तास. त्यामुळे यकृत अचानक बिघडलं तर पीटी आधी वाढतो, अल्ब्युमिन मात्र बरेच दिवस जुन्या साठ्यावर नॉर्मल दिसतं. उलट सिऱ्होसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) पार पुढे गेलेला असताना एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं, कारण झिरपायला पेशीच फारशा उरलेल्या नसतात. तो नॉर्मल रिपोर्ट बघून निश्चिंत होऊ नये.

षटकोन: इजा सगळीकडे सारखी होत नाही, हेही बघा. यकृताची खंडिका, म्हणजे पेशींचा एक छोटा गट, साधारण षटकोनी, एक-दोन मिलिमीटरची. कोपऱ्यांत तीन नळ्या: पोर्टल शिरेची शाखा, धमनीची शाखा आणि पित्तनलिका. रक्त कोपऱ्यातून मधल्या शिरेकडे वाहतं, पित्त नेमकं उलट दिशेनं. यकृतात येणारं जवळपास ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे आतड्यांना आणि प्लीहेला ऑक्सिजन देऊन आलेलं. मधल्या पेशींपर्यंत पोचेतो उरलेला ऑक्सिजनही बराच संपतो. रक्तदाब कोसळला की आधी त्याच मरतात. पॅरासिटामॉलच्या अतिडोसातही त्याच, पण कारण वेगळं: औषधाचं विषारी रूप करणारी एन्झाइम्स तिथंच जास्त आणि ते निष्प्रभ करणारं ग्लुटाथायोन कमी.

शंकासुर: म्हणजे पीटी वाढला की यकृत गेलं समजायचं?

पेशीवाचक: घाई नको. पित्ताची वाट अडली तर आतड्यात के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि पेशी धडधाकट असूनही पीटी वाढतो. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन साधारण २४ तासांनी पुन्हा तपासतात. सुधारला तर कमतरता जीवनसत्त्वाची होती. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध चालू असेल तर गोष्टच निराळी, त्यानंही पीटी वाढतो.

षटकोन: आणि एसजीओटी हे रिपोर्टमधलं दुसरं एन्झाइम एकटंच वाढलं असेल तर सीपीके (स्नायूंच्या इजेची तपासणी) करून घ्या, कारण एसजीओटी स्नायूंमधूनही येतं.