मदत हवी आहे : बांगलादेशला कांदा पाठवण्याबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही निफाड तालुक्यातले सात-आठ शेतकरी. आजवर माल लासलगावला नेऊन लिलावात टाकायचा, एवढंच माहीत. आता पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यामार्गे थेट बांगलादेशला पाठवून बघावा म्हणतोय.

भीती मालाची नाही, धोरणाची आहे. सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी, 2020 ला पुन्हा तेच, डिसेंबर 2023 ला परत. मे 2024 मध्ये बंदी उठली ती 40 टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात ते 20 वर आलं आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. इतक्या वेळा दार आपटल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे बघणारच, त्यात त्यांची काय चूक! शिवाय त्यांचं सरकारही आयात परवाने देणं कधी थांबवतं, कधी सुरू करतं.

कुणी स्वतः माल पाठवलाय का? ट्रक सीमेवर अडकला आणि कांदा सडला, तर नुकसान कुणाच्या माथी, हे सौद्यात कसं लिहून घेता? तिकडच्या बँकेचं पतपत्र (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) आल्याशिवाय गाडी भरू नये, असं एक जण म्हणाला. कोलकात्यातल्या दलालामार्फत गेलेलं बरं का? आणि हो, गोणी किती किलोची लागते?