आत्याचा लॅपटॉप: नवा घ्यायचा की यातच भागवायचं? (घरच्या ग्रुपवरून)

आत्या: सगळ्यांना एक विचारायचं होतं. माझा लॅपटॉप हल्ली फारच रखडतो. सुरू केला की बराच वेळ नुसता गोल फिरत राहतो, वर्डची फाइल उघडताना माऊससुद्धा अडकतो. त्यात विंडोज १०चा सपोर्ट संपल्याची सूचना सारखी येते. नवा घेऊ का?

काका: घेऊन टाक. आठ वर्षं चालला, पुष्कळ झालं. आता त्यावर खर्च म्हणजे पैसे पाण्यात.

वहिनी: मलाही तेच वाटतं आत्या. दुरुस्तीला दिला की एक झालं की दुसरं निघतं. तुमचं काम अडून राहायला नको.

दादा: आत्या, त्यावर काय काय करतेस?

आत्या: भाषांतर. दोनतीनशे पानांच्या फाइली, शेजारी ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि संदर्भाची पानं उघडी, अधूनमधून व्हिडिओ मीटिंग. बस. आणि खरं सांगायचं तर याच्या कीबोर्डवर माझा हात बसलाय.

मी: आत्या, लगेच ठरवू नकोस. लॅपटॉप वयावरून बाद करू नये, त्यातलं नेमकं काय थकलंय ते आधी बघावं. तुझी छोटी घरी असेल तर विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे काय किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी, उघडून परफॉर्मन्सच्या टॅबचे फोटो पाठवायला सांग. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम आणि डिस्क, तिन्हींचे. लॅपटॉप रखडलेला असतानाच काढा, निवांत असताना काढून उपयोग नाही.

छोटी: पाठवले. सीपीयू आय५-८२५०यू, वापर १८ टक्के. मेमरी ३.९ जीबीपैकी ३.५ भरलेली. डिस्क १०० टक्के, तिथून हलतच नाहीये.

मी: मला हेच बघायचं होतं. काका, तुम्हीही हा फोटो नीट बघा. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलाय. तो डिस्कची वाट बघतोय. आत्याच्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. तिच्यात माहिती वाचायला एक बारीक हात तबकडीवर इकडून तिकडे सरकतो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी निघतात, तेवढं ठीक आहे. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलतं, आणि अशा उड्या तिला सेकंदाला शंभराच्या आसपासच जमतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारा भागच नसतो. साटा या जुन्या जोडणीच्या साध्या एसएसडीलाही अशी कामं सेकंदाला हजारोंनी जमतात, आणि सलग वाचनाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या घरात जातो.

त्यात रॅम फक्त ४ जीबी. ती भरली की विंडोज तिथला मजकूर डिस्कवर उतरवतं आणि लागेल तेव्हा पुन्हा उचलतं. म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी बोजा. तुझा माऊस अडकतो तो तेव्हाच.

काका: ते ठीक, पण प्रोसेसरही जुनाच ना? उद्या विंडोज ११ चालणार नाही.

मी: इथंच आत्याचं नशीब चांगलं आहे. इंटेलच्या त्या काळच्या नावात आय५च्या पुढचा पहिला आकडा पिढी सांगतो. ८२५० म्हणजे आठवी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनच आहेत. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना विंडोज खरं आहे ना ते तपासायची सोय, लागते. छोटी, पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचंच ॲप आहे, ते चालवून बघ. टीपीएम नाही असं म्हणालं तर घाबरू नका. बऱ्याच वेळा ते मशीनमध्ये असतं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं.

आणि नावाच्या शेवटी यू असलेला सातव्या पिढीचा आय५ दोन कोरचा असायचा, कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. आठव्या पिढीत चार कोर आले. आत्याच्या कामाला चार कोर आजही पुरतात.

वहिनी: मग रॅम वाढवता येईल? माझ्या लॅपटॉपची बोर्डालाच चिकटवलेली निघाली. पातळ लॅपटॉप बघून घेतला होता.

मी: तो प्रश्न प्रत्येकानं घेतानाच विचारायला हवा वहिनी. बोर्डावर सोल्डर केलेली रॅम असली आणि रॅमची पट्टी बसवायची खाच, म्हणजे जादा स्लॉट, नसला तर घेतली तेवढीच कायमची. आत्याचं टास्क मॅनेजरमध्येच दिसेल, मेमरीच्या पानावर खाली स्लॉट किती आणि वापरात किती ते लिहिलेलं असतं. पण तो आकडा कधीकधी चुकीचा येतो, म्हणून झाकण उघडून बघितल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही.

दादा: बॅटरीचं काय? आत्याचा लॅपटॉप चार्जर काढला की लगेच मान टाकतो.

छोटी: ताई, तू पाठवलेली कमांड चालवली. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता ४१,०४० मिलीवॅट-तास आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर १७,९००.

मी: म्हणजे चव्वेचाळीस टक्के उरलीय. लिथियम-आयन बॅटरीचं हे होणारच, साधारण तीनशे ते पाचशे चार्ज-चक्रांत बऱ्याच बॅटऱ्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतात आणि पुढं उतरत जातात. आत्या टेबलावरच काम करते, त्यामुळे क्षमता कमी झाली म्हणून घाई नाही. पण एक गोष्ट आत्ता लगेच बघा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. चारही कोपरे टेकतात का? टचपॅड वर उचललेलं किंवा दाबायला कडक वाटतं का? बूड फुगीर दिसतं का?

आत्या: टचपॅडची उजवी कड जराशी वर आलीय. मला वाटायचं वापरून वापरून झालं असेल.

मी: आत्या, मग चार्जिंगची पिन आत्ता काढ आणि लॅपटॉप चालू करू नकोस. ही बॅटरी फुगायला लागलेली असण्याची शक्यता आहे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. छोटी, तू स्वतः उघडायला जाऊ नकोस, टचपॅड दाबून सरळ करायचा प्रयत्नही करू नका. हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्यायचं. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

काका: म्हणजे बॅटरी, रॅम, एसएसडी, तीन खर्च झाले. आता तरी नवा घ्या म्हणशील की नाही?

मी: काका, तुमचा हिशेब रास्त आहे, तो करायलाच हवा. माझा साधा आडाखा असा की तिन्ही मिळून, मजुरीसकट, तशाच कामाच्या नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर जुना ठेवावा. वर गेलं तर सोडून द्यावा. दुरुस्तीवाल्याकडून आधी तिन्हींचा आकडा लेखी घ्या. मदरबोर्डात बिघाड असता, बिजागरी तुटून बॉडी फाटली असती किंवा प्रोसेसर सातव्या पिढीचा असता तर मी आत्ताच म्हटलं असतं, नवा घे.

आणखी एक, ज्याचा हिशेब कोणी करत नाही. लॅपटॉप आयुष्यभरात जेवढं प्रदूषण करतो त्यातला मोठा वाटा तो वापरताना नाही, बनवतानाच झालेला असतो. चालता लॅपटॉप तीन-चार वर्षं जास्त वापरला तर खरी बचत होते. मला हे मनापासून महत्त्वाचं वाटतं.

वहिनी: पटलं. पण स्क्रीनचं काय? आत्यांना बारीक अक्षरांचा त्रास होतो ना?

मी: हा मुद्दा बरोबर काढलास. तिचा स्क्रीन १३६६ बाय ७६८चा आहे, रॅम वाढवून तो सुधारणार नाही. ही या लॅपटॉपची खरी उणीव आहे. उपाय म्हणजे टेबलावर वेगळा मॉनिटर, एचडीएमआयनं जोडायचा. मूळ एका बाजूला आणि भाषांतर दुसऱ्या बाजूला, दोन्ही पानं मोठ्या अक्षरांत. पुढं कधी लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर तोच चालेल.

छोटी: ताई, मी पुढच्या वर्षी थ्रीडीचा कोर्स करणार आहे. मग आईचा हा मला चालेल का?

मी: नाही. लॅपटॉपचं ग्राफिक्स, म्हणजे चित्रं काढणारी चिप, सहसा मागाहून वाढवता येत नाही. तुझा कोर्स ठरू दे, त्यांच्या सॉफ्टवेअरला काय लागतं ते लेखी मिळू दे, मग तुझ्यासाठी नवा बघू. आज आत्यासाठी म्हणून घाईनं घेतला तर तो तिला गरजेपेक्षा जास्त आणि तुला कमी पडेल.

काका: बरं, मग माझ्या लॅपटॉपचं सांग. एसएसडी तू मागेच बसवायला लावलीस. तरी व्हिडिओ कॉल सुरू झाला की पंखा बोंबलतो.

मी: तुमचा आय३-५००५यू आहे काका, पाचव्या पिढीचा, दोनच कोर. तुमच्याकडे डिस्क मोकळी आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असतो. एकदा पंख्यातली धूळ साफ करून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलून बघा, पण फार आशा धरू नका. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून सुरक्षा अपडेट घेण्याची सोय जाहीर झाली तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची. तुम्ही त्यावर बँकेची कामं करता, त्यामुळे तुमचा मात्र खरंच बदला. जुन्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून देईन, वाचायला आणि गाणी ऐकायला उत्तम चालेल.

काका: यादी करून दे, काय बघून घ्यायचं ते.

मी: देते. १६ जीबी रॅम, शक्यतो एक स्लॉट मोकळा. ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, साटापेक्षा वेगवान प्रकारची. स्क्रीन १९२० बाय १०८० आणि आयपीएस पॅनेल, बाजूनं बघितलं तरी रंग न बिघडणारं. बाकी जाहिरातीतल्या गोष्टींकडे बघू नका.

आत्या: आता माझं पक्कं सांग. क्रमानं.

मी: आधी बॅटरी काढून घ्यायची, नवी मिळते का ते विचारायचं. डेटा विसरू नका. बॅटरी बाजूला झाली की चार्जरवर लॅपटॉप चालू होतो का ते दुरुस्तीवाल्यासमोरच बघा, आणि तुझ्या सगळ्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. चालू होत नसेल तर डिस्क काढून केसमध्ये घालून दुसऱ्या मशीनला जोडता येते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लागेल, ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का ते फोनवरून आजच बघून ठेव. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करायच्या फंदात पडू नका. इतक्या जुन्या डिस्कवर खराब सेक्टर असले तर ते अर्ध्यात अडकतं. नव्या एसएसडीवर विंडोज ११ कोरं टाकायचं. परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, डिस्क बदलली म्हणून जात नाही.

छोटी: रॅम कुठली सांगू?

मी: डीडीआर४, लॅपटॉपची, ८ जीबीची एक पट्टी. आत्याचा प्रोसेसर २४०० वेगाची घेतो. ३२०० मिळाली तरी चालेल, ती २४००वर उतरून चालते. एसएसडी अडीच इंची, ७ मिमी जाडीची, ५०० जीबी. पण मी म्हटलं तसं, झाकण उघडल्यावर आतला फोटो आधी ग्रुपवर टाक, मग खरेदी.

आत्या: ठरलं. बॅटरीचं उद्या सकाळीच करते, पिन काढून ठेवलीय. लेखी आकडा आला की इथेच टाकते.

दादा: तोवर काम अडत असेल तर माझा लॅपटॉप घेऊन जा आत्या. मी शनिवारपर्यंत ऑफिसच्याच मशीनवर आहे.