विभक्त झाल्यानंतरचे समुपदेशन: आधार की निव्वळ कालहरण?

वैजयंती: ‘कुटुंब न्यायालयातील समुपदेशन म्हणजे तारखा लांबवण्याची सोय आहे, वेगळे झालेल्यांना पुन्हा समोरासमोर बसवणे हा छळच,’ असे काल श्री. देशपांडे यांनी येथे लिहिले. हे वाचून गप्प बसणे शक्य नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे कलम ९ न्यायालयाला तडजोडीचा प्रयत्न करायला सांगते, आणि तडजोड म्हणजे पुन्हा नांदायला जाणेच नव्हे. माझी बहीण आणि तिचा नवरा केवळ वकिलांमार्फत बोलत होते. समुपदेशकांसमोर बसल्यावर मुलाच्या दम्याची औषधे दोन्ही घरी ठेवायची, हे एकदाचे ठरले. असला तपशील कोणत्या निकालात येतो?

देशपांडे: आपल्या बहिणीला समंजस माणूस भेटला, एवढेच यातून सिद्ध होते. परस्परसंमतीच्या अर्जालाही सहा महिने थांबावे लागते; त्यात आणखी बैठका कशासाठी?

वैजयंती: अमरदीप सिंग प्रकरणात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कालावधी योग्य प्रकरणात माफ करता येतो असे सांगितले, मात्र पोटगी, मुलांचा ताबा हे प्रश्न मिटलेले असावेत, अशी अपेक्षाही ठेवली. ते मिटवण्याची जागा म्हणजे याच बैठका.

सुनंदा: ज्या घरात मार खाल्ला त्या घराबद्दल त्याच माणसाशेजारी बसून बोलायचे, हे आपण दोघांनीही अनुभवलेले दिसत नाही. ‘मुलांकडे पाहून सांभाळून घ्या,’ असे मला तिसऱ्या बैठकीत सुनावण्यात आले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १४ मध्ये दोघांना स्वतंत्रपणे समुपदेशनाला पाठवण्याची तरतूद आहे, हे मला कोणीही सांगितले नाही.

प्रकाश: आणि बापाचे काय? न्यायालयाच्या आवारातल्या खोलीत, घड्याळाकडे पाहत लेकीला भेटणाऱ्या माणसाला ना समुपदेशक विचारतात, ना आपण. भेटीच्या दिवशी मुलीला ताप आहे असा निरोप येतो आणि पुढच्या तारखेपर्यंत काहीच करता येत नाही.

सुनंदा: प्रत्येक चर्चेत आपले दुःख पुढे करून माझ्या जखमेवरून लक्ष वळवू नका. ताप खरोखरच येतो.

प्रकाश: येतो, नाकारत नाही. पण बुडालेली भेट कधी भरून द्यायची हे करारात लिहिले असते, तर मी प्रत्येक निरोपावर संशय घेतला नसता.

देशपांडे: बुडालेल्या भेटीचा हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, इच्छा नसली तरी. परंतु सुनंदाताईंना मिळालेली वागणूक अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही.

वैजयंती: अपवाद मीही म्हणत नाही. मारहाणीची तक्रार असेल, तर पहिल्या भेटीतच दोघांशी स्वतंत्र बोलणे व्हावे आणि बाईने नकार दिल्यास एकत्र बैठक घेऊच नये. इतकी अट घालूनही मध्यस्थी नकोच, असे आपले म्हणणे आहे का?

सुनंदा: ती अट पाळणारा समुपदेशक असेल तर मी विरोध करणार नाही. मला तो मिळाला नाही.