क्लासिक ३५० ची कॅफे रेसर करताना दिसण्यापायी चालणं कुठे बिघडतं?

तिरपा_स्टँड
२०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, कार्ब्युरेटरवाली. कॅफे रेसर करायचीय, म्हणजे जुन्या रेसिंग बाइकसारखी, पुढे वाकून चालवायची. यादी अशी: चेसिसची मागची लूप (सीटखालचा वळवलेला पाइप) कापून आखूड सीट, क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या दोन नळ्यांवर वेगवेगळे बसणारे दोन तुकडे), एअरबॉक्स (एअर फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा कोन फिल्टर, सायलेन्सरच्या बेंड पाइपला रॅप (उष्णता अडवणारी पट्टी), मागे १३० चा टायर, बॅटरी लपवून सीटखालचा त्रिकोण मोकळा. गाडी रोज ३० किमी चालणार, पावसातही, अधूनमधून घाट. गॅरेजवाला म्हणतो सगळं होईल. यातलं काय केलं तर गाडी फक्त फोटोपुरती उरेल?

लेथवरचा
होईल सगळंच. आधी हँडल, कारण तिथे सगळे फसतात. क्लासिकला हेडलॅम्पचं कॅस्केट (दिवा आणि मीटर बसतात ते घर) हाच वरचा योक, म्हणजे दोन्ही फोर्क वरून धरणारा तुकडा आहे. म्हणजे क्लिप-ऑन लावायचे तर कॅस्केट काढून वेगळा वरचा योक बसवावा लागतो, आणि तो लेथवर अंदाजाने केलेला असला तर दोन्ही फोर्क समांतर राहत नाहीत. फोर्क अडकत चालतो, ऑइल सील एका बाजूने झिजतं. खाली वाकलेलं २२ मिमीचं क्लबमन हँडल मूळ क्लॅम्पमध्येच बसतं. दिसायला नव्वद टक्के तेच.

कुठलंही हँडल लावा, पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकीमध्ये निदान २० मिमी जागा हवी, नाहीतर यू-टर्न घेताना अंगठा चेपतो. मग इंजिन आयडलला ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आरपीएम चढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय. डिस्कच्या ऑइलची डबी आडवी, सपाट राहिली पाहिजे. क्लबमनवर ती हमखास तिरकी होते आणि ऑइल कमी झालं की हवा ओढते.

हँडल खाली आलं की फूटरेस्ट मागे गेलेच पाहिजेत. नुसतं हँडल बदललं तर सगळा भार मनगटांवर येतो. रिअरसेट (मागे नेलेले फूटरेस्ट आणि पेडल) करताना दोन गोष्टी. मागे ड्रम ब्रेक आहे, त्यामुळे ब्रेक दाबलेला असताना रॉड आणि ड्रमवरचा लिव्हर यांच्यात काटकोन हवा; कोन उघडा राहिला तर पाय कितीही दाबा, ब्रेक नीट लागत नाही. दुसरं, किक उजवीकडे आहे. फूटरेस्ट घडी होणारा नसेल तर किक त्यावर आपटणार. आणि ब्रेक लाइटचा स्विच विसरू नका, तो पेडलबरोबर हलवावा लागतो.

आता लूप. कापायच्या आधी हे करा: मागचे दोन्ही शॉकअप काढा, शॉकअप पूर्ण लांब असताना चाक जिथे होतं तिथून ते हाताने ८० मिमी वर उचला (क्लासिकचं मागचं चाक तेवढंच वर-खाली होतं) आणि टायर व सीटच्या पत्र्यामध्ये किती फट उरते ते मोजा. २० मिमीपेक्षा कमी असेल तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर सीटचा पत्रा खाणार. सीट सपाट आणि खाली हवी म्हणून लोक नेमकी हीच फट खाऊन टाकतात. नवी लूप जोडताना आत ४०-५० मिमीचा तुकडा घालून, भोकांतून प्लग वेल्ड करून मग बाहेरचा जोड. पाण्याचा जीआय पाइप वापरू देऊ नका. जस्ताच्या धुराने वेल्डरचे हाल आणि जोडही पोकळ. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि रेग्युलेटरचं सॉकेट काढून ठेवा.

मेनजेट
कोन फिल्टरबद्दल. तुमच्या गाडीचा बीएस२९ व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब आहे. त्याची स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा आतला दट्ट्या) थ्रॉटल केबल उचलत नाही, दाबातला फरक उचलतो. एअरबॉक्स त्याला शांत हवा देतो. उघड्या कोनवर वारा बाजूने लागला की स्लाइड थरथरते. मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते, थ्रॉटल सोडला की फटफट, प्लग पांढरा. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एकेक साइझ वाढवत, कार्बच्या नीडलखाली अर्ध्या मिमीचा वायसर घालून हे बसवता येतं. पण २० बीएचपीच्या इंजिनात त्याने मिळणार काय? आवाज. आणि पावसात ओला फिल्टर. इंजिनाचा ब्रीदर पाइप मोकळा लोंबत सोडला तर तेल मागच्या टायरवर, ते वेगळंच. एअरबॉक्स ठेवा, हवं तर त्यावर नवीन साइड पॅनेल करा.

रॅप तर नकोच. पाणी धरून ठेवतो, त्याच्याखाली बेंड पाइप सडतो.

तिरपा_स्टँड
एअरबॉक्स ठेवला तर त्रिकोण मोकळा दिसणार नाही. कॅफे रेसरची ओळखच ती ना?

सिंगल_सिलिंडर
ती आजच्या फोटोंची ओळख. लंडनच्या एस कॅफेवर जमणाऱ्या पोरांच्या गाड्या बघा. ट्रायटन म्हणजे नॉर्टनची फेदरबेड चेसिस आणि ट्रायम्फचं ट्विन इंजिन, कारण एकाची चेसिस चांगली आणि दुसऱ्याचं इंजिन. त्यांना ताशी १०० मैल गाठायचे होते, हँडल त्यासाठी खाली आलं. रॉयल एनफिल्डने २०१३ ला काँटिनेंटल जीटी ५३५ काढली तेव्हाही चेसिसचं काम हॅरिस परफॉर्मन्सला दिलं, नुसती टाकी-सीट बदलून भागवलं नाही.

तरी वरच्या दोघांशी पूर्ण सहमत नाही. दिसण्यासाठी काहीच करायचं नाही तर स्टॉकच चालवा की. बॅटरी हलवायला माझी हरकत नाही, पण सेल्फ ठेवायचा असेल तर लिथियम घ्या आणि आधी चार्जिंग मोजा. इंजिन रेसवर बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. त्यावर जात असेल तर रेग्युलेटर बदलल्याशिवाय लिथियम लावू नका. स्टार्टरची वायर लांबवाल तर तेवढ्याच जाडीची.

१३० चा टायर मात्र सोडा. स्टॉक ११०/९०-१८ आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चेपून गोल होतो, घाटात गाडी वळायला जड जाते. ते पैसे शॉकअप आणि फोर्क ऑइलमध्ये घाला. भार पुढे सरकणार आहे, ब्रेक मारला की नाक जास्त बुडेल. फोर्कच्या स्प्रिंगवर १०-१५ मिमीचा स्पेसर पुरतो.

पासिंग_वाला
कायद्याचं कोणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघता लूप कापणं म्हणजे कंपनीच्या मूळ रचनेत बेकायदा बदल. आरसीवर दोन सीट असतील तर मागच्याला पकडायची सोय, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारा गार्ड केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ नुसार लागतो. अपघात झाला तर विमावाला आधी हेच बघतो. म्हणून लूप न कापता तिच्याच बोल्टांवर बसेल असं सीट करून घ्या, मूळ सीट आणि मडगार्ड माळ्यावर ठेवा.

लेथवरचा
बोल्टवरचं सीट असेल तर पत्रा २ मिमीचा आणि खाली रबर बुश. फायबरचं केलं तर बोल्टच्या भोकांशी आधी तडकतं, तिथे आतून पत्र्याची पट्टी द्यायला सांगा.