घरी येणारी 'सिस्टर' खरंच नर्स आहे का, हे कसं तपासायचं?

सांगलीची_लेक

माझे बाबा ७४ वर्षांचे. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळताही येईना, म्हणून नाकातून नळी घातली. मी पुण्यात नोकरीला, आई सांगलीत एकटी. एका ब्युरोकडून १२ तासांची 'ट्रेन्ड नर्स' घेतली, दिवसाचे १,२०० रुपये. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. आई तिला सिस्टर म्हणायची आणि सगळं तिच्यावर सोपवून दोन घटका पाठ टेकायची.

नवव्या दिवशी तिने बाबांना सपाट झोपलेलं असतानाच नळीतून पेज दिली. ठसका लागला, रात्री ताप भरला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. सहा दिवस आयसीयू.

आता बाबा घरी आहेत. चौकशी केल्यावर कळलं, तिने दीड महिन्याचा कसलासा कोर्स केला होता. ब्युरोवाले म्हणतात, आम्ही फक्त माणूस पुरवतो. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण तिला नर्स म्हणून कुणी पाठवलं? पुढची बाई ठेवताना मी नेमकं काय बघू? आणि तक्रार करायची तर कुठे?

वॉर्ड_नंबर_७

ताई, मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात. तुमचं वाचून पोटात कालवलं. नळीतून काही देताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि दिल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायची. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींकडून घोटून घ्यायचो.

ओळखपत्र बघू नका, ते ब्युरोच छापतो. नोंदणी प्रमाणपत्र मागा. नर्सिंगचं शिक्षण तीन प्रकारचं: एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. यातलं काहीही करून महाराष्ट्रात काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. १९६६ चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक मिळतो आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा क्रमांक बघा, मुदत बघा, आधार कार्डावरचं नाव तेच आहे का बघा. खरी नर्स याचा राग मानत नाही. माझं प्रमाणपत्र मी अजून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलंय.

आता कडू गोष्ट. कौन्सिल कारवाई करतं ती नोंदणी असलेल्यांवर. चौकशी करून नाव रजिस्टरमधून काढलं, की तिला नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि आमच्या हाताला वळण लागतं ते त्या धाकाने. तुमच्याकडे आलेल्या मुलीचं नावच तिथे नसेल, तर काढणार काय? रुग्ण सांभाळणाऱ्या मावशींचं रजिस्टर नर्सिंग कौन्सिल ठेवत नाही. अंघोळ, कूस बदलणं, डायपर यासाठी चांगली मावशी जरूर ठेवा, माझ्या सासूबाईंना अशाच एका मावशींनी शेवटपर्यंत सांभाळलं. पण नळी, कॅथेटर, इंजेक्शन यांना तिला हात लावू देऊ नका.

लेस्टरहून

मी मूळची कोल्हापूरची, इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथलं रजिस्टर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. रुग्णाच्या मुलाने माझ्यासमोर मोबाईलवर माझं नाव शोधलंय. पहिल्यांदा ओशाळायला झालं, आता बरं वाटतं. दर तीन वर्षांनी ४५० तास काम आणि ३५ तास शिक्षण दाखवल्याशिवाय नोंदणी पुढे चालत नाही. चूक गंभीर असेल तर कामावर अटी, निलंबन, नाही तर नाव रजिस्टरमधून कमी. तसं झालं तर पाच वर्षं पुन्हा अर्जही करता येत नाही.

पण काकू म्हणतात ती फट इथेही आहे. घरी येणाऱ्या केअररची नोंदणी स्कॉटलंड आणि वेल्समध्ये होते, इंग्लंडमध्ये अजून नाही.

वकिली_चष्मा

ब्युरोने पैसे घेऊन सेवा दिली आहे, 'फक्त माणूस पुरवतो' म्हणून हात झटकता येणार नाहीत. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. जिल्हा ग्राहक आयोगात जा, मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पावत्या, 'ट्रेन्ड नर्स' लिहिलेली जाहिरात, व्हॉट्सॅपवरचं बोलणं आणि आयसीयूचा डिस्चार्ज कार्ड आजच एका फाइलीत लावा.

सांगलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. जाहिरातीचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये सापडला, त्यावर ठळक 'ट्रेन्ड नर्स' आहे. सोमवारी फाइल घेऊन वकिलांकडे जातेय.

काल एक जीएनएम झालेली मुलगी भेटायला आली. प्रमाणपत्र मागितलं तर तिने न विचारता आधारही पुढे केलं. मुदत २०२८ पर्यंत आहे. बाबांजवळ गेली आणि काही बोलायच्या आधी तिने त्यांच्या पाठीमागे दोन उशा लावल्या. आई तेवढ्यानेच रडली.

काकू, नळी किती दिवसांनी बदलायची हे तिलाच विचारू की डॉक्टरांना?

वॉर्ड_नंबर_७

डॉक्टरांना. आणि ते सांगतील ती तारीख नळीच्या चिकटपट्टीवर तिला लिहायला सांगा.