आठव्या महिन्यात बाळाची हालचाल कमी होणे साहजिक आहे का?

मला ३३ वा आठवडा चालू आहे. संध्याकाळपर्यंत पावले इतकी सुजतात की चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो, जिना चढताना धाप लागते आणि रात्री आडवे झाले की छातीत जळजळते. एवढे मी सोसते आहे. चिंता निराळीच आहे. पूर्वी बाळ लाथा मारत असे, आता मात्र पोटाच्या एका बाजूने टेंगूळ सरकत गेल्यासारखे वाटते. सासूबाई म्हणतात की जागा अपुरी पडू लागली की बाळ शांत होतेच. त्यातच शेजारच्या आजी ‘सातव्याचे जगते, आठव्याचे नाही’ असे सांगून गेल्या, तेव्हापासून झोप उडाली आहे.

प्रतिसाद १
मी तर शेवटचा दीड महिना यजमानांच्या चपला घालूनच काढला! वाढलेली पिशवी श्वासपटलाला वर ढकलते म्हणून धाप लागते. माझ्या पहिल्या खेपेस बाळाचे डोके खाली सरकून पोट उतरले, तेव्हा श्वास मोकळा झाला, पण लघवीच्या फेऱ्या वाढल्या.

प्रतिसाद २
मी प्रसूतिकक्षातील निवृत्त परिचारिका आहे. जागा कमी झाल्यामुळे हालचालीची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी कूस वळल्यासारखे वाटते. हालचाल मात्र प्रसूतीपर्यंत चालूच राहिली पाहिजे. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजावे. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा त्या कमी वाटल्या, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. आजींचे म्हणणे तर अगदी उलटे आहे: फुप्फुसे उघडी ठेवणारा स्निग्ध द्रव शेवटच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो, त्यामुळे सातव्यापेक्षा आठव्या महिन्यातील बाळ अधिक तयारीचे असते. पायांची सूज बहुधा साधी असते. पण चेहरा वा हात एकाएकी सुजले, डोके ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधुक झाले, तर रक्तदाब लगेच तपासून घ्यावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
आज दुपारी जेवून मोजले. चाळीस मिनिटांतच दहा झाल्या, आणि मधेच एका लयीत टुकटुक सुरू झाली. ती बाळाची उचकी असावी, म्हणून मोजणीत धरली नाही. कागद सासूबाईंनाही दाखवला. उद्या त्या स्वतःच घड्याळ घेऊन बसणार आहेत.